नवी शेळी दावणीला बांधण्यापूर्वी



‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण बहुधा पोरांच्या संगतीविषयी वापरतो. दावणीच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी आहे. बाजारातून आणलेली शेळी आपल्या शेळ्यांशेजारी बांधली, तर तिचा रंग त्यांना लागत नाही. पण तिचा रोग लागतो. तुरीचे पैसे हाती आले, उसाचे बिल निघाले, की अफजलपूर तालुक्यातली पुष्कळ घरे एखाद-दुसरी शेळी विकत घेतात. संध्याकाळी टेम्पोतून शेळी उतरते, पोरे गोळा होतात, आणि ती थेट जुन्या शेळ्यांत सोडली जाते. त्याच एका संध्याकाळी सारा कळप धोक्यात येतो.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आपल्याकडे ती गरिबाची पेढीही आहे. मुलाची फी, आजारपण, पेरणीचे बी, अशा अडीअडचणीला एक शेळी विकली की वेळ निभावते. समजा, एका विधवा भगिनीच्या घरी सहा शेळ्या आहेत आणि तिने सातवी आणली. सातवी मेली तर एका शेळीचे पैसे गेले. पण सातवीने आणलेल्या रोगाने घरच्या चार मेल्या, तर त्या घराची वर्षांची शिल्लक गेली. म्हणून नव्या जनावराला घरात घेण्याची रीत प्रत्येक घराने शिकून घ्यावी. ती अवघड नाही. पैसाही फार लागत नाही. लागतो तो धीर: एकवीस दिवसांचा.

वेगळे का ठेवायचे?

शेळी आजारी दिसली तर आपण ती विकतच घेणार नाही. खरी अडचण अशी की रोग अंगात शिरल्यावर तो दिसायला काही दिवस जातात. तोवर शेळी खाते, रवंथ करते, ओरडते. सारे ठीक दिसते. बाजारात शंभर गावची जनावरे एकाच मैदानात उभी असतात, एकाच हौदावर पाणी पितात. तिथे लागलेला रोग घरी आल्यावर चार-आठ दिवसांनी बाहेर पडतो. तेव्हा ती आपल्या शेळ्यांबरोबर एकाच गव्हाणीत तोंड घालीत असते.

शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीचेच उदाहरण घ्या. डॉक्टर तिला पीपीआर म्हणतात. हा रोग १९४२ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात प्रथम नोंदला गेला. भारतात तो १९८७ मध्ये तामिळनाडूतील अरसूर या गावी आढळला, आणि पुढे देशभर पसरला. त्याला पंख नाहीत. तो जनावरांच्या पायांनी आणि मोटारींच्या चाकांनी गावोगाव गेला. लागण झाल्यापासून साधारण ४ ते ६ दिवसांत जोराचा ताप येतो, नाक-डोळे वाहू लागतात, तोंडात फोड येऊन घाण वास सुटतो, मग हगवण लागते आणि श्वास जड होतो. शेळी शिंकते, खोकते, आणि त्या तुषारांतून रोग शेजारणीला जातो. कोवळी करडे सर्वांत आधी बळी पडतात. माणसाला हा रोग होत नाही. पण घराचे कंबरडे मोडतो.

गाई-बैलांची जुनी बुळकांडी आपल्या आजोबांना ठाऊक होती. लस आणि चोख बंदोबस्त यांच्या बळावर ती २०११ मध्ये साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. शेळ्यांची ही बुळकांडीही २०३० पर्यंत संपवावी, असे उद्दिष्ट जगातील पशुआरोग्य संस्थांनी ठेवले आहे. पण ते आपल्या दावणीपाशी सुरू झाले पाहिजे.

वेगळे ठेवण्याची ही युक्ती नवी नव्हे. प्लेगच्या काळात, १३७७ मध्ये, एड्रियाटिक समुद्राच्या काठी असलेल्या रागुसा या बंदराने (आजचे दुब्रोव्हनिक) साथीच्या गावांहून येणाऱ्यांना शहराबाहेर ३० दिवस थांबण्याचा हुकूम काढला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरूनच क्वारंटीन हा शब्द आला. आपल्याला तो वेगळा शिकवण्याची गरज नाही. कोविडने भारतात झालेला पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये आपल्याच कलबुर्गीत नोंदला गेला, आणि त्यानंतर मुंबई-पुण्याहून परतलेली आपली माणसे गावच्या शाळांत दिवस मोजत राहिली. जे माणसांसाठी केले, तेच शेळीसाठी करायचे आहे.

विकत घेताना

शक्य तर बाजाराऐवजी ओळखीच्या घरून शेळी घ्यावी. तिथे बाकीच्या शेळ्या कशा आहेत ते दिसते, लस कधी टोचली ते विचारता येते. आपल्या शेजारच्या धाराशिव (उस्मानाबाद) भागातील काळी उस्मानाबादी शेळी या हवेला सोसणारी आहे. तिला जुळी करडेही पुष्कळदा होतात. जात कोणतीही असो, पैसे मोजण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. शेळीला आधी दुरून पाहावे. कळपापासून अलग, मान खाली घालून उभी असेल तर घेऊ नये.

२. नाक, डोळे, तोंड पाहावे. शेंबूड, चिपडे, ओठावर खपल्या, तोंडात फोड असतील तर सोडून द्यावी.

३. डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढावी. आतला भाग लालसर असावा. तो पांढरट असेल तर शेळीचे रक्त कमी झाले आहे. बहुधा पोटात रक्त पिणारे जंत आहेत.

४. शेपटीखाली व मागच्या पायांवर हगवणीचे डाग आहेत का पाहावे.

५. खूर उचलून पाहावेत. दोन खुरांमधील जखम किंवा घाण वास हे चांगले लक्षण नव्हे.

६. कास दाबून पाहावी. गाठ किंवा एकीकडचा कडकपणा नसावा.

७. दात मोजावेत. दुधाचे दात पडून समोर पहिली मोठी जोडी आली की शेळी साधारण सव्वा ते दीड वर्षाची असते. चारदाती शेळी दोन वर्षांच्या आसपासची समजावी.

८. कुठे गर्भ टाकला होता का, हे स्पष्ट विचारावे.

स्वस्त मिळते म्हणून आजारी शेळी घेणे म्हणजे विकतचे दुखणे होय.

एकवीस दिवस

बुळकांडी पहिल्या आठवड्यातच बहुधा प्रकट होते. लाळ्या-खुरकूत २ ते १४ दिवसांत दिसते. शेळ्यांच्या देवीलाही एक-दोन आठवडे पुरतात. म्हणून तीन आठवडे ओलांडले की या मोठ्या साथींची भीती बरीच ओसरते. हा काळ असा घालवावा:

पहिली गोष्ट जागा. जुन्या शेळ्यांपासून निदान तीस-चाळीस फूट दूर, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूला, नवी शेळी बांधावी. मध्ये भिंत किंवा कुडाची आड असावी. वाऱ्याची दिशाही पाहावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा नवी शेळी जुन्यांच्या पूर्वेला बांधावी. थंडीत उलट करावे. जागेची अडचण असेल तर शेतातल्या झाडाखाली ताडपत्री किंवा कडब्याचा आडोसाही चालतो. फक्त कुत्रे व चोर यांची काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट भांडी. पाण्याची बादली, चाऱ्याची टोपली, दोर, झाडू, सारे वेगळे. तिच्या लेंड्या जुन्या शेळ्यांच्या उकिरड्यावर टाकू नयेत. वेगळ्या खड्ड्यात टाकून मातीने झाकाव्यात.

तिसरी गोष्ट कामाचा क्रम. सकाळ-संध्याकाळ आधी जुन्या शेळ्यांचे वैरण-पाणी, दूध काढणे उरकावे, आणि शेवटी नवीकडे जावे. परत येताना हातपाय साबणाने धुवावेत. चपला बदलता आल्या तर उत्तम. या क्रमाला एक पैसाही लागत नाही, पण तो मोडला की बाकीचे सारे व्यर्थ. नव्या शेळीशी खेळलेले पोर धावत जाऊन जुन्या करडाला मिठी मारते, हेही ध्यानात असावे.

चौथी गोष्ट चारा. ती जिथून आली तिथला चारा काय होता ते विचारून घ्यावे. शेळीच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पहिल्या दिवशी कौतुकाने टोपलीभर ज्वारी किंवा मका घातला, तर पोटात आम्ल वाढून शेळी दगावू शकते. आंत्रविषारालाही तेच निमित्त होते. म्हणून आधी कडबा, तुरीचा भुसा, वाळलेला पाला असे कोरडे द्यावे. सुबाभूळ, शेवरी, हिरवा चारा थोडा थोडा वाढवावा. दाणा सर्वांत शेवटी.

पाचवी गोष्ट औषध-लस. प्रवासाने शिणलेल्या शेळीला पहिले दोन-तीन दिवस नुसते पाणी, सावली व विसावा द्यावा. मग लेंड्या तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजावे. गाभण शेळीला मनाने औषध देऊ नये; अल्बेंडाझोलसारखे औषध गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला घातक ठरू शकते. गोचीड, उवा, खरूज यांचा बंदोबस्तही याच काळात करावा. बुळकांडीची लस टोचलेली नसेल आणि शेळी निरोगी दिसत असेल, तर पहिल्या आठवड्याअखेर ती टोचून घ्यावी, म्हणजे कळपात मिसळण्यापूर्वी अंगी प्रतिकारशक्ती येण्यास दोन आठवडे मिळतात. एकदा टोचलेली ही लस तीन वर्षांच्या आसपास संरक्षण देते. घरच्या जुन्या शेळ्यांना तर ती आधीच टोचलेली असावी. साथ आल्यावर धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

सहावी गोष्ट नजर. रोज दोन वेळा पाहावे: खाते का, रवंथ करते का, नाक कोरडे की वाहते, लेंड्या घट्ट की पातळ. निरोगी शेळीचा ताप साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असतो. तो १०४ च्या वर राहिला तर डॉक्टरांना बोलवावे. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी अंग तापते, म्हणून ताप सकाळीच मोजावा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक १९६२ आहे. तो भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

मध्येच शेळी आजारी पडली, तर ती बरी झाल्यावर एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. ती घाईने दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. आपले संकट शेजाऱ्याच्या दारात ढकलणे हा व्यवहार नव्हे, फसवणूक आहे. आणि चार दिवसांनी तोच रोग फिरून आपल्याकडे येतो. मेलेली शेळी भीमेत किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी.

ज्याला दिवस मोजून चालत नाही

एक रोग मात्र असा आहे की त्याला एकवीस दिवस पुरत नाहीत, आणि तो माणसालाही होतो. तो म्हणजे ब्रुसेलोसिस, सांसर्गिक गर्भपात. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोनमहिने चढ-उतार करणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे अठरा वर्षे कळले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टराला तो शेळ्यांच्या रक्तात सापडला, आणि पाठोपाठ दुधातही. नवल असे की शेळ्या धडधाकट दिसत होत्या. त्याच वर्षी माल्टाच्या साठेक शेळ्या एका बोटीने अमेरिकेकडे निघाल्या. वाटेत खलाशांनी त्यांचे कच्चे दूध पिऊन घेतले आणि ते तापाने पडले. १९०६ मध्ये माल्टातील सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद केले, तेव्हा त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला.

आपल्यासाठी यातून तीन गोष्टी निघतात. नव्या शेळीचे किंवा पैदाशीच्या बोकडाचे रक्त शक्य असेल तेव्हा तपासून घ्यावे. दूध, मग ते जुन्या शेळीचे असो वा नव्या, उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. शेळीचे कच्चे दूध औषधी असते या समजुतीने ते मुलांना पाजू नये. आणि शेळीने गर्भ टाकला तर तो गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. हातांवर मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी चढवून खोल पुरावे. गरोदर भगिनींनी तर तिकडे जाऊच नये. घरात कोणाला आठवडेच्या आठवडे संध्याकाळचा ताप, घाम, सांधेदुखी असेल, तर डॉक्टरांना ‘आमच्याकडे शेळ्या आहेत’ एवढे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान सोपे होते.

कळपात मिसळताना

एकवीस दिवस सुखरूप गेले, तरी दार उघडून शेळीला आत लोटू नये. शेळ्यांच्या कळपात मानपान असतो. कोणी आधी गव्हाणीवर जायचे, कोणी मागे राहायचे, हे त्यांनी शिंगांनी ठरवलेले असते. नवी आली की ते सारे पुन्हा ठरते. थोड्याफार टकरी होणारच. त्या मोडायला प्रत्येक वेळी धावू नये. पण कोपऱ्यात गाठून पोटात ढुशी बसली तर गाभण शेळी गर्भ टाकते. म्हणून:

शेवटचे तीन-चार दिवस जाळी किंवा कुंपणाच्या दोन बाजूंना बांधून त्यांना एकमेकींचा वास व ओळख होऊ द्यावी.

पहिली भेट रात्री कोंडलेल्या खोपटात नव्हे, तर सकाळी उघड्या रानात, चरताना घडवावी. तिथे हरलेलीला पळायला वाट असते आणि सगळ्यांचे लक्ष पाल्याकडे असते.

त्या दिवशी चारा-पाणी दोन-तीन ठिकाणी, लांब लांब ठेवावे. एकाच गव्हाणीवर जबर शेळी नवीला आठ दिवस उपाशी ठेवू शकते.

शक्य तर एकीऐवजी दोघींना एकदम मिसळावे. मार वाटला जातो आणि एकमेकींचा आधार राहतो. शिंगे असलेल्या दांडग्या शेळ्यांत बिनशिंगी दुबळी एकटी सोडू नये. व्यायला आलेली शेळी आणि आठ दिवसांची करडे या गोंधळापासून दूर ठेवावीत.

संध्याकाळी सगळ्यांच्या पोटाची डावी बाजू पाहावी. नवीची कूस खोल गेलेली दिसली तर तिला चारा मिळालेला नाही असे समजून आणखी काही रात्री वेगळे बांधावे.

नवी कोणाला म्हणायचे?

विकत घेतलेलीच तेवढी नवी, असे नाही. बाजारात नेलेली आणि भाव न पटल्याने परत आणलेली आपलीच शेळी आता नवी झाली. पाहुण्यांनी लेकीला दिलेले करडू, अर्ध्या वाट्याने सांभाळायला घेतलेली शेळी, फळवण्यासाठी मागून आणलेला बोकड, हे सारे नवे. आणलेल्या कोंबड्यांनाही निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवावे. मानमोडीने सारे अंगण रिकामे झालेले आपण पाहतो. गाई-बैलांचेही तेच. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या वेळी सरकारला जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, ते जनावरे एकत्र येऊन रोग गावोगाव जाऊ नये म्हणून.

शहरात शिकायला राहिलेली काही मुले हल्ली घरी गिनी पिग पाळतात. दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातला हा उंदराच्या कुळातला गरीब प्राणी. दुसरा आणायचा झाला तर नियम हाच. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावा. मग शेजारी शेजारी पिंजरे ठेवून वास होऊ द्यावा. आणि पहिली भेट दोघांनाही परक्या अशा मोकळ्या जागेत, दोन ढिगांत हिरवा चारा टाकून घडवावी. दोन मोठे नर एकत्र आले तर बहुधा भांडतात. सशाबरोबर मात्र त्याला कधीच ठेवू नये. सशाला न जाणवणारा एक जंतू गिनी पिगला फुप्फुसाच्या सुजेने मारू शकतो. शेळी असो की हातात मावणारा जीव, निरोगी दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे.

बंधू-भगिनींनो, नाताळ व बकरीदच्या आधी भाव चढतात, जनावरांची ने-आण वाढते, आणि त्याबरोबर रोगही फिरतो. म्हणून पुढच्या खेपेस बाजाराला जाण्याच्या आदल्या दिवशीच घराच्या दुसऱ्या बाजूला एक खुंटी ठोका, एक बादली वेगळी काढा आणि दिनदर्शिकेवर एकवीस दिवसांनंतरच्या तारखेला खूण करा. मग खुशाल शेळी आणा.